खरं पान गाढवाचं

नाटकांचे पोशाख भाड्याने देणारं ते दुकान दोन जावा चालवत होत्या. त्यांचे नवरे सख्खे भाऊ. पोशाख व्हॅनमधून पोचवणं आणि परत आणणं हे भावांचं काम; आणि जावांचं बिनसल्याचा नुसता वास आला, तरी "ब्रेकमधून आवाज येतोय" असं म्हणून दोघंही गॅरेज गाठत. त्या व्हॅनचे ब्रेक शहरात सगळ्यात उत्तम होते.

थोरली शिवायची. राजे, राण्या, सेनापती, पऱ्या, दरबारी, न्यायाधीश, सगळे तिच्या मशीनखालून गेलेले. तिच्या राण्यांची तर बातच वेगळी. घेर असा, की घालणारी मुलगी पायऱ्या उतरायला लागली की बघणाऱ्यांनी आपोआप बाजूला व्हावं. धाकटी फोन घ्यायची, धुलाई बघायची, बिलं करायची आणि दुकानाची वेबसाईट सांभाळायची. शिवणाच्या टेबलाकडे तिला मज्जाव होता. लग्न होऊन आल्या आल्या तिने मदत करायच्या हौसेने मखमलीवर सरळ इस्त्री टेकवली होती, आणि एका सेनापतीच्या पाठीवर कायमचा चकचकीत त्रिकोण उमटला होता. तेव्हापासून तो सेनापती भाड्याने देताना "प्रेक्षकांकडे पाठ करू नये" अशी अट सांगावी लागे.

अशा धाकटीने दुकानासाठी एकच वस्तू स्वतःच्या हाताने केली होती, ती म्हणजे गाढवाचं मुंडकं. एका शाळेला हवं होतं. थोरली म्हणाली, "मी माणसं शिवते." मग धाकटीने फोम, तार आणि एक जुनं करडं ब्लँकेट घेऊन मागच्या खोलीत आठवडाभर खटपट केली. आतून दोरी ओढली की गाढव आ वासायचं आणि सोडली की फटकन मिटायचं. एक कान जरा कलला होता. थोरलीने ते चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "बरं आहे. गाढवच वाटतंय." यात कौतुक किती आणि टोमणा किती, यावर धाकटी बरेच दिवस विचार करत होती.

त्यानंतर वेबसाईटवाल्याचा फोन आला. दुकानाची वेबसाईट त्यानेच करून दिली होती आणि अधूनमधून तो फुकटचा सल्ला द्यायचा. "ताई, एक एसईओचं प्लगइन टाकून घ्या," तो म्हणाला. "छोटा प्रोग्रॅम असतो, वेबसाईटला जोडायचा. लोक सर्च करतात ना, त्यात तुमची पानं वर येतील. सोपं आहे. प्रत्येक पानापुढे एक दिवा लागतो. लाल म्हणजे वाईट, नारिंगी म्हणजे बरं, हिरवा म्हणजे बास."

धाकटीला हिरव्या दिव्याचं भारी आकर्षण वाटलं. त्यातून तिचा स्वभाव असा, की समोर रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडत नसे. पहिलं पान तिने घेतलं ते अर्थात गाढवाचं. मथळा भरला, वर्णन भरलं, फोटोखालचे शब्द भरले. तरी दिवा नारिंगीच. मग मागच्या टॅबमध्ये 'ॲडव्हान्स्ड' म्हणून चार चौकोन सापडले, तेही तिने जमेल तसे भरले. दिवा हिरवा झाला! आणि खाली बटण होतं: 'ही सेटिंग सर्व वस्तूंच्या पानांना लावा.' धाकटीने ते दाबलं. नावं आणि फोटो ज्याचे त्याला राहिले, वर्णनं प्लगइनने आपोआप भरली, बाकी सगळं गाढवाच्या पानावरून इतरांवर उतरलं, आणि यादीभर वरपासून खालपर्यंत हिरवे दिवे लागले. तिने खुर्चीतल्या खुर्चीत स्वतःलाच शाबासकी दिली.

पुढच्या काही आठवड्यांत फोन कमी झाले. मग आणखी कमी झाले. आणि मग जे यायला लागले, ते असे:

"तुमच्याकडे गाढव मिळतं ना?"

"मिळतं. शिवाय आमच्याकडे राजे आहेत, राण्या आहेत, पऱ्यांचा अख्खा संच..."

"नाही, नाही. गाढवच."

थोरली मशीनवरून मान वर न करता विचारायची, "कोण होतं?"

"बँकेतले लोक. त्यांच्या साहेबांचा निरोपसमारंभ आहे. गाढव हवंय."

"साहेबांना घालायला?"

"मी विचारलं नाही, ताई."

एक गाढव आणि मागणारे पन्नास. नाटकमंडळी, वाढदिवसवाले, एक दातांचे डॉक्टर, ज्यांना मुलांना दात घासणं शिकवायला आ वासणारं तोंड हवं होतं. राण्या मात्र कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या पांघरून उभ्या. एका दुपारी थोरलीने मशीन थांबवलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि धाकटीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"दाखव. राणीचा पोशाख हवा असेल तर लोक काय लिहितात? ते लिही."

धाकटीने लिहिलं. दुसऱ्यांची दुकानं आली. एक तर असं होतं, की त्यांच्या राणीला चेन लावलेली होती, मागून, ढळढळीत दिसेल अशी. थोरलीने डोळे मिटून घेतले. धाकटीने पान उलटलं, आणखी उलटलं. त्यांचं दुकान कुठेच नाही. मग तिने फक्त आपल्या वेबसाईटची पानं दाखव, असा सर्च दिला. दोन पानं आली. एक दुकानाचं पहिलं पान. दुसरं गाढव.

"आणि माझ्या राण्या?"

"दिसत नाहीयेत."

"दिसत नाहीयेत म्हणजे काय? कपाटात आहेत त्या."

"कपाटात आहेत, वेबसाईटवरही आहेत. सर्चमध्ये नाहीयेत."

थोरलीने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग सावकाश म्हणाली, "वेबसाईट कोण बघतं? तू. गाढव कोणी केलं? तू. आणि शोधायला जावं तर नेमकं गाढवच सापडतं. मी काही बोलत नाही."

थोरली "मी काही बोलत नाही" म्हणाली, की सगळं बोलून झालेलं असे. दारात उभ्या असलेल्या दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत व्हॅन गॅरेजच्या रस्त्याला लागली.

धाकटीला ते लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोरी न करताच तिच्या मनात चांदणं पडलं होतं. कारण खोटं कशाला सांगा, गेले काही दिवस गाढवासाठी फोन आला की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. तिने ताबडतोब वेबसाईटवाल्याला फोन लावला.

"कॅशे साफ करा," तो म्हणाला.

वेबसाईटवाल्याचं हे एकमेव औषध. पान उघडत नाही, कॅशे साफ करा. फोटो उलटा दिसतो, कॅशे साफ करा. बायको रुसली असं सांगितलं असतं, तरी त्याने तेच सांगितलं असतं. कॅशे म्हणजे वेबसाईटने पानांची करून ठेवलेली जुनी छापील प्रत; ती पुसली की नवी तयार होते. धाकटीने पुसली. दोन दिवसांनी सर्च केला. गाढव.

"मग ती खूण बघा," तो म्हणाला. "सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना येऊ देऊ नका' अशी एक खूण असते. चुकून लागलेली असते कधी कधी."

लागलेली नव्हती.

"साइटमॅप? तुमच्या सगळ्या पानांची यादी असते, सर्च इंजिनाला द्यायची."

तिने यादी उघडली. राण्या, राजे, पऱ्या, न्यायाधीश, पाठीवर त्रिकोण असलेला सेनापती, सगळे हजर.

"रोबोट्सची फाईल? कुठे जायला मनाई आहे ते त्यात लिहिलेलं असतं."

कुठेच मनाई नव्हती. दारं सताड उघडी होती.

"बरं, प्लगइनमधले दिवे कुठले आहेत?"

"सगळे हिरवे," धाकटी जरा अभिमानानेच म्हणाली.

"मग प्लगइनचा काही दोष नाही. वाट बघा."

वाट बघता बघता एक दिवस दुकानाच्या दारात एक उंच गृहस्थ उभे राहिले. गळ्यात मफलर, आणि ते बोलताना हात असे फिरवत, की शेजारच्या परीचा पंख दोनदा खाली पडला. नाटकाचे दिग्दर्शक होते. जावांनी मागून त्यांचं नाव मफलर ठेवलं.

"मला तुमचं गाढव हवंय," मफलर म्हणाले. "पण एक नाही. दोन. एकमेकांशी भांडणारी."

"एकच आहे," धाकटी म्हणाली.

"मग अजून एक करा. तसंच, तोंड उघडणारं." एवढं म्हणून ते वळले आणि उघड्या कपाटापाशी थबकले. एका राणीची पिशवी त्यांनी स्वतःच वर सरकवली, बाहीची चुणी बोटांनी उचलली. "हे कोणी शिवलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"हे तुमच्याकडे आहे? अहो, मी राणीसाठी तीन गावं पालथी घातली! शेवटी एक चेनवाली घेतली. वेबसाईटवर का नाही टाकत तुम्ही?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने जमिनीकडे पाहिलं. राणी बाजूला ठेवायला सांगून मफलर चेनवाली परत करायला निघून गेले, जाताना पंख पुन्हा पाडून.

दुसरं गाढव मात्र दहा दिवसांत हवं होतं आणि एकट्या धाकटीकडून ते होणं कठीण होतं. फोम कापणं जमेल, पण ब्लँकेटची शिवण पहिल्या गाढवाच्या हनुवटीखाली आधीच उसवत होती. थोरली दोन दिवस तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिलं गाढव शिवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, त्याच्या तोंडात हात घातला, आत डोकावली, दोरी ओढली. गाढवाने आ वासला. सोडली. फटकन मिटलं. तिने पुन्हा ओढली. पुन्हा सोडली.

"हे मिटतं कसं गं परत? दोरी तर एकीकडेच ओढते."

"आत एक इलास्टिक आहे. कानामागून."

"कानामागून?"

"हो. म्हणून तो कान कलतो."

थोरलीने कलता कान बोटाने सरळ केला. तो पुन्हा कलला. "मला वाटलं तुझ्या हातून वाकडा झाला."

"झालाच. पण कारणाने."

थोरली हसली नाही, पण तिने पायाने स्टूल पुढे ढकललं. "बस इथे. कसं बसवलंस ते दाखव. आणि इस्त्रीला हात लावू नकोस."

अशी धाकटी त्या टेबलाशी पहिल्यांदा बसली. थोरलीने दुसऱ्या गाढवाला पापण्या लावल्या, कानांना आतून गुलाबी मखमल दिली, आणि हनुवटीखालची शिवण अशी घातली, की ती शोधायला भिंग लागलं असतं. धाकटीने जबडा बसवला. काम चालू असताना थोरली एकदाच म्हणाली, "माझ्या राण्या हरवल्यात, आणि मी गाढवाच्या पापण्या वळतेय." पण आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

हे वाक्य धाकटीच्या डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी धुलाईचे कपडे वाळत घालून ती कॉम्प्युटरपुढे बसली, आणि वेबसाईटवाल्याला न विचारता स्वतःच मदतीची पानं वाचत सुटली. त्यात तिला कळलं, की सर्च इंजिन वेबसाईटच्या मालकांसाठी एक वेगळी जागा देतं. तिथे आपल्या एखाद्या पानाचा पत्ता टाकला, की ते पान सर्चमध्ये का नाही, याचं कारण सांगतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर ती दारं-खिडक्या तपासत होती, आणि ज्याने घरात यायचं नाकारलं त्यालाच विचारायचं राहिलं होतं.

तिने सगळ्यात मोठ्या राणीचा पत्ता टाकला. उत्तर आलं. पान पाहिलं आहे. पण या पानाने दुसऱ्याच पानाला आपलं मूळ पान म्हटलं आहे, म्हणून हे घेतलेलं नाही. आणि खाली त्या मूळ पानाचा पत्ता होता.

पत्ता गाढवाचा होता.

धाकटीने पऱ्यांचा पत्ता टाकला. मूळ पान: गाढव. न्यायाधीश? गाढव. सेनापती? गाढव.

ती धावत प्लगइनमध्ये गेली, मागचा टॅब उघडला, आणि तिला तो चौकोन दिसला. 'मूळ पानाचा पत्ता.' आता तिने त्याच्या शेजारचं बारीक प्रश्नचिन्ह दाबून पाहिलं. एकाच मजकुराची दोन-तीन पानं असली, तर त्यातलं खरं कुठलं ते इथे सांगायचं. नाहीतर हा चौकोन रिकामा सोडायचा. रिकामा! गाढवाच्या पानावर तिने गाढवाचाच पत्ता लिहिला होता, त्यात काही बिघडलं नव्हतं. पण मग ते बटण दाबलं, आणि तोच पत्ता दुकानातल्या यच्चयावत पोशाखांवर जाऊन बसला. दिव्याला काय, चौकोन भरला की तो हिरवा. कशाने भरलाय, हे बघणं त्याच्या कामात नव्हतं.

एकेका पानावरचा पत्ता पुसायचा होता. तिचा हात माउसवर गेला, आणि, आता लपवायचं काय, तिथेच थांबला. हे पुसलं की गाढवाचे फोन संपणार. पुन्हा सगळे राणीच विचारणार. तिच्या डोळ्यांपुढून बँकेचे साहेब गेले, दातांचे डॉक्टर गेले. दोन-चार दिवसांनी पुसलं तर कोणाला कळणार होतं?

मग तिला मशीनचा आवाज ऐकू आला. थोरली गाढवाला आयाळ लावत होती.

"ताई," ती उठून म्हणाली. "सापडलं. माझीच चूक होती." आणि तिने सगळं सांगितलं, चौकोन, बटण, हिरवे दिवे.

थोरलीने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. "थांब. मला नीट समजू दे. म्हणजे माझी प्रत्येक राणी, प्रत्येक परी, जो कोणी विचारायला येईल त्याला सांगत होती, की मी खरी नाही, खरं ते गाढव?"

"हो."

"आणि त्याने विश्वास ठेवला?"

"त्याचा काय दोष? आपण लिहूनच दिलं होतं."

"न्यायाधीशानेसुद्धा लिहून दिलं?"

"न्यायाधीशानेसुद्धा."

थोरलीच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून निसटलं. मग तिने हातच काढून घेतला आणि इतकी हसली, की मांडीवरचं अर्धं गाढव घरंगळून खाली गेलं. धाकटी ते उचलायला वाकली आणि तीही जमिनीवरच बसून हसायला लागली. गॅरेजमधून परतलेले दोघे भाऊ दारात आले, आतलं दृश्य पाहिलं, आणि काय करावं ते न कळून पुन्हा ब्रेक बघायला गेले.

दुपारभर धाकटीने चौकोन रिकामे केले. तिच्या स्वभावाला ते जड गेलं, पण केले. शेवटी पुन्हा राणीचं पान तपासलं, तर आतून अजूनही गाढवाचाच पत्ता दिसत होता. ती रडकुंडीला आली. वेबसाईटवाल्याला फोन लावला.

"कॅशे साफ केलात का?" तो म्हणाला.

आणि या खेपेस तो अगदी बरोबर होता. जुनी प्रत पुसली आणि पत्ता गेला. हे त्याला सांगायचं की नाही, यावर धाकटीने बराच विचार केला आणि न सांगायचं ठरवलं. नाहीतर तो जन्मभर दुसरं काही शिकला नसता.

मग तिने सर्च इंजिनाला पुन्हा येऊन बघायची विनंती केली, एकेका पानासाठी. ते आपल्या सवडीने येणार होतं. दुकानात पाहुण्यांची वाट बघितल्यासारखी वाट सुरू झाली. थोरली रोज कुलूप उघडताना विचारायची, "आलं का कोणी?"

सर्चमध्ये सगळ्यात आधी आला एक झाडूवाला. मग दोन पऱ्या, तिसरी मागे राहिली. मग न्यायाधीश. "त्याला आधी साक्ष फिरवल्याची लाज नाही वाटली?" थोरली म्हणाली. राण्यांनी चांगलाच वेळ लावला. दरम्यान मफलर दोन्ही गाढवं घेऊन गेले, आणि राणीही. नाटकात गाढवांचं भांडण लोकांनी इतकं उचलून धरलं, की राणीला आपलं वाक्य बोलायला थांबून राहावं लागलं. थोरली पहिल्या रांगेत होती. राणीसाठी तिला वाईट वाटलं, पण टाळ्या तिनेही वाजवल्या.

एका सकाळी सगळ्यात मोठी राणी सर्चमध्ये आली. फोटोखाली ओळ होती: 'राणीचा पोशाख, भाड्याने, उपलब्ध.'

"हे कोणी लिहिलं?" थोरलीने विचारलं.

"प्लगइनने. आपोआप."

"मी सांगते, लिही." आणि ती सांगू लागली. कापडाचा रंग उजेडात एक आणि सावलीत दुसरा दिसतो इथून सुरुवात करून, बाहीत किती चुण्या, बसताना घेर कसा सावरायचा, उठताना कोणता पाय आधी. धाकटी टाइप करत गेली. चौकोन रिकामा केल्यापासून नारिंगी असलेला पानापुढचा दिवा आता लालभडक झाला.

"काय म्हणतोय तो?"

"वर्णन फार लांब आहे. वाक्यंही लांब आहेत."

"त्याला म्हणावं, तू कधी घेर शिवलायस का?"

धाकटीने दिव्याकडे पाहिलं, जरा जीव कासावीस झाला, पण तिने ते तसंच सेव्ह केलं. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या हातात कपबशी होती, म्हणून थोरलीने उचलला.

"बोला... मगर? तोंड उघडणारी?" तिने फोनवर हात ठेवला. "मगरीचा जबडा जमेल का गं?"

"लांब असतो तो. एका दोरीने नाही भागणार."

"दोन लाव." थोरली पुन्हा फोनवर आली. "होईल. पण मी काय म्हणते, मगर एकटी स्टेजवर बरी नाही दिसत. बरोबर एखादी राणी घ्या."